सावळ्याच्या कपाळाची शाई

कमूचं वागणं गोदाला उंबऱ्यापासूनच खटकलं.

पितरबारशीला माहेरी आलेली बाई काय करते? उंबरा ओलांडते, भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे बघते, डोळ्याला पदर लावते आणि मग पाणी मागते. कमू दरवर्षी हेच करायची. इतकं करायची की गोदाला त्याचाही राग यायचा. नवरा गेला आपला, आणि रडायचा मान मात्र नणंदेचा.

या वर्षी कमू दाभोशाहून पहिल्या जीपने आली, तडक चुलीपाशी गेली, भिंतीकडे पाठ करून बसली आणि चहा मागितला. लुगड्याच्या पाठीला नेहमीसारखा गेरू लागलेला. तिच्या घरच्या कुडाच्या भिंतीला टेकून बसायची सवय. गाठोडंसुद्धा खाली ठेवलं नाही. जीपमध्ये धरतात तसं मांडीवर धरून बसली.

“भाऊ तुझा भिंतीवर आहे, चुलीत नाही,” गोदा म्हणाली.

कमूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गौरीला आली होती तेव्हा हीच बाई फोटोसमोरून हलत नव्हती. मधल्या दिवसांत असा काय दगड झाला हिचा? गोदाने मनात नोंद केली आणि कामाला लागली. पोशेऱ्याच्या त्या पाड्यावर पितरबारशीला कुणी कुणासाठी थांबत नाही. उडदाचे वडे तळून झाले होते. खीर, काकडी, भोपळ्याची भाजी, नव्या अळूच्या वड्या असं सगळं पानावर मांडायचं आणि भावकी जमायच्या आत पितरांना निवद दाखवायचा. पितर जेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही.

गोदाच्या घरचा पितर म्हणजे सावळा, तिचा नवरा. फोटो त्याचा एकच. तोही तिने त्याच्या हयातीत पाहिला नव्हता. तो गेल्यावर चुलतसासरा तुकाकाका कुठूनसा घेऊन आला, जव्हारला चौकट करून आणली आणि भिंतीला टांगून दिली. आता तुकाकाकाही राहिला नव्हता. फोटोत सावळा मिसरूड फुटायच्या वयाचा. अंगात कुणाचातरी मागितलेला कोट, मागे महालाचं चित्र रंगवलेला पडदा. दसऱ्याला कमूला घेऊन जव्हारला चालत गेलो होतो, तेव्हा फोटो काढला, असं तो एकदा बोलला होता, तोच हा. त्याचा डावा हात चौकटीच्या कडेपाशी मनगटात कापलेला. स्टुडिओतली फुलांची कुंडीबिंडी धरली असेल, असं गोदाने ठरवून टाकलं होतं.

काच तिनेच काढायला लावली होती. जिवंतपणी दोघांत काच नव्हती, आता कशाला, असं तिचं म्हणणं. वर्षातून एकदा फोटो खाली उतरायचा. ओल्या बोटाने कपाळाला कुंकू लागायचं. असं वर्षानुवर्षं लावून सावळ्याच्या कपाळावर एक कायमचा तांबूस डाग पडला होता.

आजही तिने फोटो पाटावर घेतला. बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि कपाळाला लावलं.

कपाळ सरकलं.

गोदाने बोट उचललं. बोटाला कुंकवाखाली काळंनिळं लागलं होतं. पाटावरच्या सावळ्याची उजवी भुवई ओघळून गालावर आली.

ती किंचाळली नाही. बोट तसंच वर धरून बसली, जणू खाली केलं तर नवराच सांडेल.

सगळ्यात आधी कमू धावली. सकाळपासून न बघितलेल्या फोटोकडे तिने आत्ता पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “पाण्याने फोटो जातो होय?” ती पुटपुटली. “असा कसा गेला?”

मग सून प्रतिभा आली आणि तिच्यामागून मुलगा धर्मेंद्र. धर्मेंद्र मोखाड्याला शाळेत मास्तर. आठवडाभर तिथल्या खोलीवर राहायचा आणि सुटीला घरी यायचा. त्याने फोटो खिडकीपाशी नेला, तिरका धरून पाहिला आणि म्हणाला, की हा जुना फोटो नाहीच. मोबाईलवरून काढलेली प्रिंट आहे. कपाळावरचा डागसुद्धा छापलेलाच आहे.

“बदलला कुणी?”

“ते मला काय माहीत, आये. पण एवढं मनाला लावून घेऊ नको. चेहरा तर तोच आहे ना?”

गोदाने बोट त्याच्या नाकासमोर धरलं. “तुझा बाप माझ्या बोटाला लागलाय आणि तू मला चेहरा शिकवतोस? तुझ्या बापाच्या अंगावर पडलेला उजेड त्या जुन्या कागदात होता. ह्याच्यात काय आहे? शाई.”

मग तिने सांगून टाकलं. खरा फोटो या पाटावर येईपर्यंत निवद होणार नाही. पानं झाकून ठेवा. भावकी आली तर पडवीत बसवा. पितर उपाशी, तर सगळा पाडा उपाशी राहील.

तिने चौकट उलटी केली. मागच्या फळीचे खिळे वाकवलेले होते, त्यांची वाकणं नवी, चकचकीत. चौकट हलवली तर आतला कागद खुळखुळला. गोदा थबकली. आजवर हा फोटो कधी खुळखुळला नव्हता, लाकडात रुतल्यासारखा बसायचा. फळी काढून प्रिंट बाहेर घेतली. पाठीवर चारही कोपऱ्यांना पांढऱ्या खपल्या होत्या आणि त्यांना लाल चुरा चिकटला होता. ताटातलं कुंकू सांडलं, असं म्हणत तिने चौकट फडक्यात गुंडाळली.

आधी तिने सुनेला धरलं.

“मोबाईलमध्ये फोटो कुणी घेतला?”

“मी,” प्रतिभा म्हणाली. “गेल्या बारशीला. तुमच्यासमोरच तर घेतला, आई. आत्यांनी फोटो मागितला होता. तुम्ही म्हणालात मोबाईलमधला द्या.”

“छापून कुणी आणला?”

“मीच. जव्हारला, देवानंदच्या दुकानातून.”

“किती?”

“दोन. एक आत्यांना, एक ह्यांना.”

“तिसरा?”

“देवाची आण, आई. दोनच.”

तेव्हा भिंतीवर चढलाय तो दोघांतल्या एकाचा. गोदा मुलाकडे वळली. त्याचा कुठे आहे?

धर्मेंद्र म्हणाला, मोखाड्याच्या खोलीवर, कपाटात. बोलताना त्याने नजर चुकवली आणि गाडीच्या किल्लीशी चाळा सुरू केला. ह्या पोराला खोटं बोलताना हाताला काहीतरी लागतंच, हे गोदाला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक होतं. शिवाय पावसाळ्याच्या तोंडाला तोच म्हणाला होता, की आये, त्या जुन्याला बुरशी धरलीय, एखादा नवा लावून टाकू. तेव्हा तिने त्याला झाडलं होतं.

मग कमूची पाळी आली. ती अजून गाठोडं पोटाशी धरून उभी होती.

“तुझा कुठे आहे?”

“माझा गेला, वहिनी. पावसात घर गळलं. फोटो भिजला, पार धुऊन निघाला. टाकवेना, म्हणून नदीला सोडला.”

“कधी?”

“भाताच्या आवणीच्या दिवसांत.”

गोदाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पोराला म्हणाली, “गाडी काढ. जव्हारला जायचं.”

धर्मेंद्र गडबडला. आज दुकान बंद असेल, फोनवर विचारू, ढग उतरलेत, घाटात दिसणार नाही. एवढी कारणं त्याने एका दमात सांगितली. जेवढी कारणं वाढली तेवढा गोदाचा संशय वाढला. फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही, एवढंच ती म्हणाली आणि चौकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीवर जाऊन बसली.

वाटेत उतारावर नाचणी गुडघ्याच्या वर आली होती, खाली भाताच्या खाचरांत लोंब्या डोकावत होत्या. एरवी गोदाने कुणाचं शेत तणात गेलंय ते नावानिशी सांगितलं असतं. आज तिचं लक्ष मांडीवरच्या चौकटीत होतं. गाडी खड्ड्यात गेली की आतला कागद खुळखुळायचा. त्या आवाजाने तिच्या जिवाला चैन पडेना. कुणीतरी आत बसून सारखं काहीतरी सांगतंय आणि आपल्याला कळत नाही, असं तिला वाटत राहिलं.

देवानंदचं दुकान उघडंच होतं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, सगळं एका खोलीत. धर्मेंद्रने दारातूनच त्याला काहीतरी खूण केली. गोदाने ती पाहिली.

“खुणा नंतर करा,” ती म्हणाली. “आधी हे बघ. हा तुझ्या इथला?”

देवानंदने ओघळलेली प्रिंट पाहिली आणि कपाळाला हात लावला. “माझाच, आजी. पण ह्याला पाणी का लावलंत?”

“नवऱ्याला कुंकू लावलं. तेही तुला विचारून लावायचं?”

तो हसला नाही, हे बरं झालं. त्याने तिला स्टूल दिलं आणि नीट सांगितलं. जुना फोटो पाण्यातच जन्माला यायचा. अंधाऱ्या खोलीत कागदावर उजेड पाडायचा, मग कागद औषधाच्या पाण्यात बुडवायचा, मग धुवायचा. असा कागद ओल्या बोटाला काय भिणार? ही प्रिंट मात्र मशीनने शाई फवारून काढलेली. कागदही साधा.

“म्हणजे हे खोटं.”

“खोटं कसं, आजी?”

“उजेडात माझा माणूस उभा होता, मशीनमध्ये नाही.”

देवानंदने धर्मेंद्रकडे पाहिलं. धर्मेंद्रने मान खाली घातली. देवानंदने काउंटरखालून एक पाकीट काढलं आणि त्यातून फोटो बाहेर घेतला. सावळाच. तोच कोट, तोच पडदा, कपाळावर तोच डाग.

“हा कुणाचा?” गोदाचा आवाज चढला.

“माझा, आये,” धर्मेंद्र म्हणाला. “मोठा करून चांगल्या चौकटीत घालायला दिला होता. दिवाळीला तुला द्यायचा होता. म्हणून तर येत नव्हतो इकडे.”

गोदाने त्याच्याकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं. किल्ली आता स्वस्थ होती. संशयाचं एक गाठोडं सुटलं. त्यातून निघालं पोराचं प्रेम. पोरावर उखडता येईना, म्हणून ती देवानंदवरच उखडली. हाही असाच सांडणार ना?

“लावा की बोट,” देवानंद म्हणाला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

तिने बोट ओलं करून सावळ्याच्या कपाळाला लावलं. दाबलं. घासलं. कपाळ जागचं हललं नाही.

“हाही मोबाईलमधलाच?”

“त्याच मोबाईलमधला, त्याच दिवशीचा. पण हा नाशिकच्या लॅबमधून काढून आणला. ह्यातही कागदावर उजेडच पाडतात, आजी. जुन्यासारखाच धुतात.”

“मग मशीनचा दोष नाही म्हणतोस.”

“दोष कागदाचा. आणि कागद मागणारा जो सांगेल तो मी देतो. प्रतिभावहिनींनी दोन सांगितले होते, एक चांगला, एक साधा. साधा ज्यांना द्यायचाय त्यांना तेवढाच पुरे, म्हणाल्या.”

‘तेवढाच पुरे’ हे शब्द प्रतिभाचे नव्हते. ते कुणाचे ते गोदाने ओळखलं, दहाजणांच्या चपलांत आपली चप्पल ओळखू यावी तसं.

तिने ओघळलेली प्रिंट उलटी केली. एका कोपऱ्यातल्या लाल चुऱ्यावर पाण्याचा थेंब सोडला, बोटाने चोळलं आणि बोट नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग पदराला पुसून टाकलं.

“आणखी एक,” ती म्हणाली. “जुना फोटो किती जाड असतो? आहे तुझ्याकडे एखादा?”

खण धुंडाळून देवानंदने कुणाचातरी जुना, पिवळा पडलेला फोटो काढला. गोदाने तो स्वतः चौकटीत बसवला, मागे फळी लावली, खिळे वाकवले, चौकट हलवली. कागद खुळखुळला.

“आणखी एक दे.”

त्याने तसलाच दुसरा दिला. तिने दोन्ही एकावर एक ठेवले, फळी लावली आणि हलवलं. आवाज नाही. चौकट दगडासारखी मुकी.

“मागे आणखी काही घातलं होतं का, आजी?” देवानंदने विचारलं.

गोदा जुन्या सावळ्याच्या डाव्या हाताचा विचार करत होती. कुंडी धरणाऱ्या माणसाचा खांदा असा खाली झुकत नाही. खांदा झुकतो तो आपल्याहून बुटक्या कुणाचातरी हात धरला की.

धर्मेंद्रचा फोटो तिने पाकिटासकट पिशवीत टाकला. चोर कोण, असं धर्मेंद्रने परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा विचारलं. ती एवढंच म्हणाली, “गाडी जोरात घे. खीर निवतेय.”

पडवीत भावकी जमली होती. पोटं कातावलेली, पण गोदासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. तिने दार ओढून घेतलं. आत चौघंच राहिली: ती, मुलगा, सून आणि नणंद. झाकलेल्या पानांशेजारी पाट रिकामा होता.

“कमू, बस.”

कमू बसली. गाठोडं मांडीवर.

“तुझा फोटो पाण्याने धुऊन गेला म्हणालीस.”

“हो, वहिनी.”

“मग सकाळी माझ्या बोटाला शाई लागली, तेव्हा दचकलीस का? पाण्याने फोटो जातो होय, असं विचारलंस. जिचा भाऊ एकदा पाण्यात विरघळलाय, तिला दुसऱ्यांदा नवल वाटत नाही.”

कमूने गाठोडं आणखी जवळ ओढलं.

“आता हे.” गोदाने प्रिंट पालथी तिच्यासमोर ठेवली. “चारी कोपऱ्यांना भाताची खळ आहे. भाताने भिंतीला चिकटवलेला फोटो हा. आणि खळीला लाल लागलंय. सकाळी मी कुंकू समजले, हात भरलेले होते माझे. कुंकू ओलं झालं की लालभडक पेटतं. हे ओलं केलं तर मातीचा वास आला. गेरू आहे. माझ्या भिंती निळ्या. ह्या धर्माच्या मोखाड्याच्या खोलीच्या पांढऱ्या. गेरूची भिंत कुणाची, ते तुझ्या पाठीला विचार.”

प्रतिभाचा हात तोंडावर गेला. धर्मेंद्र म्हणाला, आत्याचा असेल तर तिच्या हातून दुसऱ्या कुणी नेला असेल, आत्या असं कशाला करेल. गोदाने त्याला हातानेच गप्प केलं.

“धर्माचा फोटो देवानंदकडे आहे, मी डोळ्यांनी बघून आले. तो पाण्याने जात नाही. म्हणजे हा साधा तो तुझाच. गौरीला आलीस तेव्हा तू भावासमोरून हलत नव्हतीस. त्या रात्री याच खोलीत झोपलीस. आणि आज आलीस ती भिंतीकडे पाठ करून बसलीस. मला वाटलं, हिचा जीव दगड झाला. तसं नव्हतं. भिंतीवर तुझा भाऊ नाही हे या घरात तुला एकटीला ठाऊक होतं. मग बघणार कुणाकडे?”

पडवीत कुणीतरी खोकलं.

“चोर कोण ते शाईने आणि गेरूने सांगितलं. चोरी कशाला, ते चौकटीने सांगितलं. चौकटीत एक कागद खुळखुळतो, दोन घट्ट बसतात. तुकाकाकाने दोन फोटो घातले नव्हते, फोटो एकच होता. म्हणजे त्याला मागे घडी होती.” गोदा जरा थांबली. “धर्माच्या बापाने डाव्या हातात कुंडी धरलेली नाही. गाठोडं सोड, कमू.”

कमूने गाठ सोडली. नव्या लुगड्याच्या घडीत फोटो होता. गोदाने इतकी वर्षं पाहिला त्याच्या दुप्पट रुंद. मधोमध पांढरी रेघ, कागद जिथे मोडून तडकला होता तिथे. रेघेच्या एका बाजूला सावळा. दुसऱ्या बाजूला ढगळ झग्यातली एक पोर, केस तेलाने चापून बसवलेले, दोन्ही हातांनी भावाची बोटं धरलेली. सावळा समोर बघत होता. पोर समोर बघत नव्हती. ती भावाकडे बघत होती.

खोलीत सगळ्यात आधी बोलली ती कमूच, आणि एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबवायची गोदाचीही हिंमत झाली नाही. तुकाकाकाने तिच्यासमोर घडी घातली होती. मेलेल्याच्या चौकटीत जितं माणूस ठेवलं तर त्याचं आयुष्य सरतं, म्हणाला. तू जाशील तेव्हा उघडू. तेव्हापासून ती दरवर्षी यायची, ती भावाला बघायलाच, पण भावाच्या पाठीमागे दबून बसलेल्या स्वतःलाही. लहानपणीचा दुसरा फोटो नाही. आईबापाचा नाही. त्या दसऱ्याला आपण होतो, याला दुसरा पुरावा नाही.

“गेल्या साली मागायला आले,” कमू म्हणाली. “सांगणार होते, मी पण आहे त्यात. तुम्ही तोंड उघडू दिलंत कुठे? चेहरा तोच ना, मोबाईलमधला घे, म्हणालात. तोच घेतला. मोबाईलला घडीच्या मागचं दिसत नाही, वहिनी. तो चेहरा मला पुरायला हवा होता, आणि तोच तुमच्या भिंतीवर लागला तर तुम्ही सगळा पाडा उपाशी ठेवलात.”

धर्मेंद्रने आईकडे पाहिलं. असं तिला कुणी बोललेलं त्याच्या आठवणीत नव्हतं.

“मग आज परत कशाला आणलास?” गोदाने विचारलं.

“बारशीला तो उपाशी राहील म्हणून. तुम्ही फोटो उतरवायच्या आधी पोचून ठेवणार होते. तर तुम्ही खोलीतून हललाच नाहीत. आणि घडी घालवेना. घातली तर कागद तुटेल. उघडा ठेवला तर चौकटीत मावत नाही.” कमूने पोरीच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, न टेकवता. “आणि पुन्हा मागे जायला मन होईना.”

गोदा उठली. दारापर्यंत गेली, परत आली. सकाळपासून तिच्या पायांना जी भिंगरी लागली होती ती अजून थांबत नव्हती. तिने जुना फोटो उचलला, खिडकीपाशी नेला, खूप वेळ पाहिला. मग पिशवीतलं देवानंदचं पाकीट काढलं आणि त्यातला सावळाही त्याच्याशेजारी धरला. एक जुना, तडकलेला, शेजारी बहीण असलेला. एक नवा, गुळगुळीत, एकटा. दोघंही तिच्याकडेच बघत होते.

तिने जुना फोटो पाटावर ठेवला, सगळा उघडा. नवा रिकाम्या चौकटीत बसवला आणि खुळखुळू नये म्हणून मागे कोऱ्या पुठ्ठ्याची घडी सरकवली. चौकट खिळ्याला अडकवली. पानांच्या चवडीतून सागाचं एक कोवळं पान निवडून घेतलं आणि पाटासमोर बसली. मग नणंदेकडे वळून, पडवीत ऐकू जाणार नाही अशा पण घरात कुणी विसरणार नाही अशा आवाजात म्हणाली:

“ऐक, कमू. चोरी केलीस. भावकीला सांगणार नाही, पण विसरणारही नाही. साधा कागद तुला मी देवविला, तो माझ्याच बोटाला लागला, ते माझं मी बघीन. हा जुना आता माझ्या भिंतीवर चढायचा नाही. तुझ्या गेरूच्या भिंतीला ने. तिथे पितर नाहीत, तिथे दोघं शेजारी उभी राहा. माझ्या भिंतीला हा नवा राहील. पाणी सोसतो, मी बघितलंय. एवढी वर्षं मी हाक मारली की तो आला, तो काय कागद हुंगून आला? ह्यालाही कुंकू लावीन, ह्याच्याकडेही येईल. पण बारशीला तू जुना घेऊन यायचंस. घडी नाही घालायची. निवदापुरतं फोटोतल्या तुझ्यावर हे पान ठेवीन, निवद झाला की उचलीन. तुझ्या कपाळाला बोट लावायची मला घाई नाही, तूही करू नको. आता डोळे पूस आणि खीर वाढ. आणि पुढल्या सालापासून उंबरा ओलांडलास की आधी भावाकडे बघ, मग चुलीकडे.”